टेनिसची एकेरी मॅच नेमकी कुठे जिंकली जाते? पॉइंटचं गणित, कोर्टवरचे डावपेच आणि डोक्याचा खेळ

आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात 'टेनिस' म्हटलं की पुढचे दोन शब्द आपोआप येतात, 'बॉल क्रिकेट'. सुगी संपली की मोकळ्या शेतात पिच तयार होतं, मंडप पडतो, कॉमेंट्री सुरू होते. रॅकेटचं टेनिस मात्र बहुतेकांनी टीव्हीवर किंवा मोबाईलवरच पाहिलेलं असतं. विम्बल्डनची फायनल असली की रात्री जागायचं आणि 'जोकोविच परत जिंकला' असं स्टेटस टाकून झोपायचं.

पण तो जिंकतो कसा? दोघंही तेवढ्याच जोरात मारतात, दोघंही तेवढेच पळतात, मग दरवेळी ठरावीक माणूसच का जिंकतो?

याचं उत्तर शोधायला विम्बल्डनला जायची गरज नाही. पुण्याच्या बालेवाडीपर्यंत गेलं तरी पुरे.

५ जानेवारी २०१९. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात 'टाटा ओपन महाराष्ट्र' स्पर्धेची फायनल सुरू होती. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच. अँडरसनची उंची ६ फूट ८ इंच, कार्लोविचची ६ फूट ११ इंच. दोघांची सर्व्हिस म्हणजे जिन्यावरून सोडलेला दगड. स्कोअर लागला ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. पहिला टायब्रेक अँडरसनने ७-४ जिंकला, दुसरा कार्लोविचने ७-२, तिसरा अँडरसनने ७-५.

आता हे पॉइंट जोडून बघा. तिन्ही टायब्रेक मिळून अँडरसनचे पॉइंट झाले १६ आणि कार्लोविचचेही १६. बरोबरी. तरीही ट्रॉफी अँडरसनच्या हातात आणि कार्लोविच उपविजेता.

एकेरी टेनिसचं सगळं गुपित या बेरजेत आहे. किती पॉइंट जिंकले यापेक्षा कोणते पॉइंट जिंकले, याला इथे जास्त किंमत आहे.

आधी थोडक्यात, टेनिस मोजतात कसं?

चार पॉइंटचा एक गेम (१५, ३०, ४०, गेम), पण किमान दोनच्या फरकाने. सहा गेमचा एक सेट, तोही दोनच्या फरकाने. ६-६ झालं की टायब्रेक, म्हणजे आधी सात पॉइंट, पुन्हा दोनच्या फरकाने. बहुतेक स्पर्धांमध्ये तीनपैकी दोन सेट जिंकणारा विजेता. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये पाचपैकी तीन.

क्रिकेटमध्ये पहिल्या ओव्हरची धाव शेवटच्या ओव्हरलाही कामी येते. टेनिसमध्ये तसं नसतं. गेम संपला की त्यातले पॉइंट पुसले जातात. सेट संपला की त्यातले गेम पुसले जातात. पहिला सेट ६-० हरलेला आणि ७-६ हरलेला, दोघंही दुसऱ्या सेटमध्ये ०-० वरच उभे असतात.

म्हणूनच टेनिसमध्ये जास्त पॉइंट जिंकूनही हरता येतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१९ च्या विम्बल्डन फायनलचं. रॉजर फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले, नोवाक जोकोविचने २०४. फेडररकडे पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ वर स्वतःच्या सर्व्हिसवर दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते. जिंकला जोकोविच, कारण त्या मॅचमध्ये तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही त्याने घेतले.

फेडररनेच २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला होता. कारकिर्दीत तो १,५२६ एकेरी मॅच खेळला, त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकला. पण पॉइंट किती जिंकले? फक्त ५४ टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकानेही जवळपास निम्मे पॉइंट गमावलेच.

कोणता पॉइंट महागडा?

एक सोपं गणित करू. समजा तुम्ही तुमच्या सर्व्हिसवर १०० पैकी ६० पॉइंट जिंकता. मग गेम जिंकायची तुमची शक्यता किती? साधारण ७४ टक्के. पॉइंटमधली थोडीशी आघाडी गेममध्ये मोठी होते, सेटमध्ये आणखी मोठी. फेडररचे ५४ टक्के ८० टक्के होतात ते असे.

आता त्याच गेममधले वेगवेगळे स्कोअर बघा:

- ४०-० वर गेम जिंकायची शक्यता सुमारे ९८ टक्के. पुढचा पॉइंट हरलात तरी ती ९५ टक्के उरते.
- ३०-३० वर (आणि ड्यूसवरही) सुमारे ६९ टक्के.
- १५-३० वर सुमारे ५१ टक्के. इथून पुढचा पॉइंट जिंकलात तर ६९, हरलात तर २५.
- ०-३० वर सुमारे ३७ टक्के. म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही.
- ३०-४० वर सुमारे ४२ टक्के. जिंकलात तर ६९, हरलात तर शून्य.

४०-० वरच्या पॉइंटने गेमच्या शक्यतेत ५ टक्क्यांचा फरक पडतो, ३०-४० वरच्या पॉइंटने ६९ टक्क्यांचा. दोन्ही पॉइंट दिसायला सारखेच, पण एकाचं वजन दुसऱ्याच्या जवळपास चौदा पट.

याचा मैदानावरचा अर्थ सरळ आहे. नवा फटका करून बघायचा असेल, ड्रॉप शॉट मारायचा मोह आवरत नसेल, तर तो ४०-० वर मारा. १५-३० आणि ३०-४० वर फक्त तोच फटका, जो तुम्हाला झोपेतही जमतो. बरेच खेळाडू नेमकं उलटं करतात. दडपण आलं की ते संपवून टाकायची घाई होते आणि सगळ्यात महागड्या पॉइंटवर सगळ्यात अवघड फटका मारला जातो.

कोर्टची भूमिती: क्रॉसकोर्टच का?

एकेरीचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असतं. नेट दोन्ही खांबांपाशी १.०७ मीटर उंच आणि मधोमध ०.९१४ मीटर. म्हणजे मध्यभागी नेट सुमारे १५ सेंटिमीटर खाली असतं.

आता कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, म्हणजे क्रॉसकोर्ट मारलं तर काय होतं? एक, चेंडू नेटच्या मधल्या, कमी उंचीच्या भागावरून जातो. दोन, कर्ण साधारण २५.१५ मीटरचा असल्याने सरळ रेषेपेक्षा जवळपास दीड मीटर जास्त जागा मिळते. तीन, फटका मारल्यावर तुम्हाला परत योग्य जागी यायला कमी पावलं टाकावी लागतात.

डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेला समांतर मारलं तर हे तिन्ही फायदे जातात. नेट उंच, कोर्ट छोटं आणि तुमच्या मागे अख्खी दुसरी बाजू उघडी. म्हणून तज्ज्ञ सांगतात की रॅली क्रॉसकोर्ट चालू ठेवा, आखूड किंवा सोपा चेंडू मिळाला आणि तुमचा तोल नीट असला तरच दिशा बदला. मागे ढकलले गेला असाल, पळत असाल, तर चेंडू उंच आणि तिरका परत पाठवा. उंच चेंडू प्रवासाला जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ तुम्हाला जागेवर यायला मिळतो.

बहुतेक मॅच 'जिंकल्या' जात नाहीत, हरल्या जातात

सायमन रॅमो हा अमेरिकन शास्त्रज्ञ-अभियंता हौशी टेनिसपटूही होता. त्याने मांडलं की टेनिस हे एका नावाखाली खेळले जाणारे दोन वेगळे खेळ आहेत. व्यावसायिकांच्या टेनिसमध्ये सुमारे ८० टक्के पॉइंट चांगला फटका मारून जिंकले जातात. हौशी टेनिसमध्ये सुमारे ८० टक्के पॉइंट कुणीतरी चूक करून घालवलेले असतात.

म्हणजे गावातल्या, कॉलेजच्या किंवा ज्युनिअर स्पर्धेतल्या खेळाडूसाठी पहिला डावपेच काय? समोरच्यापेक्षा एक चेंडू जास्त आत टाकणं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, इन्स्टाग्राम रीलवर तर अजिबात चालणार नाही. पण रेषेला चिकटून मारण्याऐवजी रेषेच्या एक मीटर आत आणि नेटच्या बऱ्यापैकी वरून मारायचं ठरवलं, तर तुमच्या निम्म्या चुका तिथेच थांबू शकतात.

सर्व्हिसचंही तसंच आहे. समजा तुमची जोरदार पहिली सर्व्हिस निम्म्या वेळाच आत पडते आणि पडली तर तुम्ही ७५ टक्के पॉइंट जिंकता. तीच सर्व्हिस दुसऱ्या संधीलाही मारली तर दुसऱ्या सर्व्हिसवरचे पॉइंट उरतात ३७ टक्के, कारण उरलेल्या निम्म्या वेळा डबल फॉल्ट. त्याऐवजी हळू पण भरवशाची, फिरकी असलेली दुसरी सर्व्हिस टाकून तुम्ही ५० टक्के पॉइंट जिंकत असाल, तर तीच परवडते. पहिली सर्व्हिस लोकांना दिसते, मॅच मात्र बऱ्याचदा दुसरी सर्व्हिस वाचवते.

समोरच्याला वाचायचं कसं?

डावपेचाचा सगळ्यात प्रसिद्ध धडा १९७५ च्या विम्बल्डन फायनलमध्ये मिळतो. जिमी कॉनर्स गतविजेता होता, त्याला वेगवान चेंडू आवडायचे. समोरच्याचाच वेग वापरून तो दुप्पट जोराने परत मारायचा. आर्थर ॲशने त्याला वेग दिलाच नाही. मंद, खाली राहणारे चेंडू, बाहेर वळणारी सर्व्हिस, पुढे आला की डोक्यावरून लॉब. कोर्ट बदलताना ॲश खुर्चीत डोळे मिटून शांत बसायचा. स्कोअर ६-१, ६-१, ५-७, ६-४.

बालेवाडीतही हे दिसलंय. २०१८ मध्ये स्पर्धा चेन्नईहून पुण्यात आली, तेव्हा पहिला विजेता ठरला फ्रान्सचा जिल सिमॉन. सहा फुटांचा, सडपातळ, तोफगोळा सर्व्हिस नाही. सेमीफायनलला समोर अव्वल मानांकित मरिन चिलिच. पहिला सेट सिमॉन १-६ हरला. पुढचे दोन ६-३, ६-२ जिंकला. फायनलला अँडरसनला ७-६, ६-२ हरवलं. सिमॉनची ताकद होती समोरच्याचा वेग उसना घेऊन चेंडू परत पाठवत राहणं आणि मोठे फटके मारणाऱ्याला आणखी एक, आणखी एक फटका मारायला लावणं. याच सिमॉनने पुढे २०२० मध्ये टेनिसपटूंच्या मानसिकतेवर पुस्तकही लिहिलं.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. मूळ गोव्याच्या कुटुंबातला लिएंडर पेस. त्याचे बेसलाइनवरचे फटके मोठ्या खेळाडूंइतके जड नव्हते, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तो रॅली लांबूच द्यायचा नाही. समोरच्याची दुसरी सर्व्हिस आली की चेंडू कापून परत करायचा आणि थेट नेटवर. १९९८ मध्ये न्यू हेवनच्या स्पर्धेत त्याने पीट सॅम्प्रसला ६-३, ६-४ असं हरवलं.

तिघांची पद्धत वेगळी, पण तिघांनी आधी तेच दोन प्रश्न सोडवले. समोरच्याला काय आवडतं? आणि माझ्याकडे असं काय आहे, जे त्याला आवडणार नाही?

हे शोधायला वॉर्मअपची पाच मिनिटंही पुरतात. बॅकहँडला उंच चेंडू टाकून बघा, तो मागे सरकतो का. एक आखूड चेंडू टाका, तो नेटवर यायला कचरतो का. त्याची दुसरी सर्व्हिस नेहमी एकाच बाजूला पडते का. पहिल्या दोन-तीन गेममध्ये उत्तरं पक्की होतात. मग दोन ओळींत बसेल एवढाच प्लॅन ठरवा. उदाहरणार्थ, 'बॅकहँडला उंच, आखूड मिळालं की पुढे.' पाच कलमी योजना ४-४ वर कुणालाच आठवत नाही.

आणि प्लॅन बदलायचा कधी? जुना नियम असा की जिंकत असाल तर काही बदलू नका, हरत असाल तर काहीतरी बदला. फक्त एक फरक ओळखा. प्लॅन चुकीचा आहे म्हणून हरताय, की प्लॅन बरोबर आहे पण फटके नेटमध्ये जातायत म्हणून? दुसरं असेल तर प्लॅन नाही, फटक्याचा वेग थोडा कमी करा.

हात का थरथरतो? दडपणाचं शास्त्र सोप्या भाषेत

१९९३ ची विम्बल्डन महिला फायनल. याना नोवोत्ना विरुद्ध स्टेफी ग्राफ. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३०. एक पॉइंट आणि स्कोअर ५-१. तिथे डबल फॉल्ट झाला. त्यानंतर नोवोत्नाने एकही गेम जिंकला नाही. ग्राफ ६-४ ने सेट आणि विजेतेपद घेऊन गेली. बक्षीस समारंभात नोवोत्ना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तो फोटो जगभर छापून आला.

असं का होतं? सर्व्हिस किंवा फोरहँड हजारो वेळा मारून शरीराला पाठ झालेला असतो. सायकल चालवताना आपण पायडलचा विचार करत नाही, तसंच. पण दडपण आलं की मन मध्ये पडतं. 'मनगट सरळ ठेव, टॉस पुढे टाक, चुकवू नकोस' अशा सूचना सुरू होतात आणि आपोआप होणारी हालचाल तुटक होते. खांदे आवळतात, श्वास वर अडकतो, पाय जड होतात. टिमोथी गॅलवे या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७४ मध्ये 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. खेळाडूच्या आत दोघं असतात, एक सतत सूचना देणारा आणि दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याला गप्प केलं की दुसरा नीट खेळतो.

गप्प कसं करायचं? 'विचार करू नकोस' असं स्वतःला सांगून ते होत नाही. त्याला दुसरं छोटं काम द्यावं लागतं. चेंडूवरची शिवण बघणं, चेंडू टप्पा पडताना मनात 'टप्पा' आणि रॅकेटला लागताना 'हिट' म्हणणं, फटका मारताना तोंडाने श्वास सोडणं. मोठे खेळाडू फटका मारताना आवाज काढतात, त्यामागे श्वास अडकू न देणं हेही एक कारण असतं.

आणि हो, नोवोत्नाची गोष्ट तिथे संपत नाही. १९९७ ला ती पुन्हा फायनल हरली. १९९८ ला तिसऱ्यांदा फायनलला आली आणि विम्बल्डन जिंकली.

२५ सेकंदांत काय करायचं?

टेनिसमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ मॅचच्या एकूण वेळेच्या मानाने फार थोडा. बाकी सगळा वेळ दोन पॉइंटच्या मधला. नियमाप्रमाणे दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद, कोर्ट बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात. मॅच खरी बिघडते ती या वेळात. मागच्या चुकीवर चिडत राहिलात, की पुढचा पॉइंट सुरू होण्याआधीच अर्धा हरलेला असतो.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी अव्वल खेळाडू या वेळात काय करतात याचा अभ्यास केला. त्यातून चार टप्प्यांची सवय पुढे आली:

१. पाठ फिरवा. पॉइंट संपला की नेटपासून वळा. रॅकेट दुसऱ्या हातात घ्या, खांदे ताठ ठेवा. चूक झाली तरी देहबोली पडू देऊ नका, समोरचा बघत असतो.

२. सैल व्हा. दोन-तीन खोल श्वास. नजर इकडे तिकडे न भटकवता रॅकेटच्या तारांवर ठेवा. खेळाडू तारा सरळ करत बसतात, ते यासाठीच.

३. ठरवा. स्कोअर काय आहे? पुढचा पॉइंट कसा खेळायचा? सर्व्हिस कुठे टाकायची? एकच निर्णय.

४. ठरलेली कृती. सर्व्हिसआधी चेंडू ठरावीक वेळा टप्पा देणं, रिटर्नआधी पाय हलवत राहणं. प्रत्येक वेळी तीच.

राफेल नदालच्या पाण्याच्या बाटल्यांवरून आणि केस-नाक-कान चाचपण्यावरून कितीतरी मीम बनले. पण ती सवय ०-४० वरही तशीच आणि ४०-० वरही तशीच असायची.

टायब्रेक आणि मॅच पॉइंट

टायब्रेकमध्ये पहिला खेळाडू एक सर्व्हिस करतो, मग दोघं दोन-दोन. दर सहा पॉइंटनंतर कोर्ट बदलतं. इथे प्रत्येक पॉइंट महाग असतो, म्हणून नवीन काही करायला जागा नाही. पहिली सर्व्हिस पूर्ण ताकदीने नाही, पण आत. रिटर्न मधोमध, पण खोल. सेटभर ज्या फटक्याने पॉइंट मिळाले, तोच फटका.

मॅच पॉइंट वाचवण्याचं उदाहरण पुन्हा बालेवाडीचं. २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकचा यिरी वेसेली क्वार्टर फायनल आणि सेमीफायनल, दोन्हींत मॅच पॉइंट वाचवून पुढे गेला. म्हणजे लागोपाठ दोन मॅचमध्ये तो स्पर्धेबाहेर पडायला एका पॉइंटवर होता. फायनलला त्याने बेलारूसच्या इगोर गेरासिमोवला ७-६, ५-७, ६-३ असं हरवलं आणि ट्रॉफी नेली.

पुण्यातल्या पुढच्या दोन फायनलही बघा. २०२२ मध्ये पोर्तुगालचा जोआओ सोझा पहिला सेट टायब्रेकमध्ये ११-९ असा जिंकला, दुसरा ४-६ हरला. इथे बरेच जण 'हातातली मॅच गेली' म्हणून खचतात. सोझाने तिसरा सेट ६-१ घेतला. २०२३ मध्ये नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर पहिला सेट ४-६ हरला आणि ७-५, ६-३ ने जिंकला. त्याचं ते पहिलंच एटीपी विजेतेपद.

२०१८ ते २०२३ दरम्यान पुण्यात झालेल्या पाच फायनलपैकी चार तिसऱ्या सेटपर्यंत गेल्या. सेट हरणं आणि मॅच हरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीयांसाठी याहून मोठं उदाहरण अटलांटा ऑलिंपिकचं. ३ ऑगस्ट १९९६. सेमीफायनलला आंद्रे आगासीकडून हरलेला, मनगट दुखावलेला पेस ब्राँझपदकासाठी ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीसमोर उभा होता. पहिला सेट ३-६ गेला. पुढचे दोन ६-२, ६-४. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं होतं. त्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट ४४ वर्षांनी, याच मॅचमुळे.

अंपायर नसेल तर?

टीव्हीवर दिसतं ते टेनिस वेगळं. छोट्या आणि ज्युनिअर स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये प्रत्येक कोर्टवर अंपायर नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचं असतं. बहुतेक भांडणं आणि बहुतेक मॅच इथेच बिघडतात.

काही गोष्टी पाठ ठेवाव्यात. शंका असेल तर चेंडू आत धरायचा, हा नियमच आहे. प्रत्येक पॉइंटआधी सर्व्हिस करणाऱ्याने स्कोअर मोठ्याने सांगायचा, म्हणजे नंतर '३०-१५ की १५-३०' हा वाद होत नाही. समोरचा सतत चुकीचे कॉल देतोय असं वाटलं तर भांडू नका, रेफ्रीला बोलवा. ते तुमच्या हक्कात बसतं. आणि एक वादग्रस्त पॉइंट गेला तर लक्षात ठेवा, त्या एका पॉइंटपेक्षा त्याच्या रागात गेलेले पुढचे चार पॉइंट महाग पडतात.

बाहेरून प्रशिक्षकाने सूचना देणं टेनिसमध्ये वर्षानुवर्षं बंद होतं. १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमात कोर्टबाहेरून सल्ला द्यायला परवानगी मिळाली, पण स्पर्धेच्या आयोजकांनी ती दिली असेल तरच. तरीही पॉइंट सुरू असताना खेळाडू एकटाच असतो.

जवळ कोर्ट नसेल तर यातलं काय करता येईल?

नॉकआउट स्पर्धेत पहिली फेरी हरलात की खेळ संपला. आसनगावहून पहाटेची लोकल धरून ठाण्या-मुंबईला किंवा पुढे पुण्याला खेळायला जाणाऱ्यासाठी हे जास्तच खरं आहे. प्रवास, प्रवेश फी, आई-बाबांची बुडालेली सुट्टी आणि तासाभरात परत स्टेशनवर. अशा एक-दोन पराभवांनंतर 'आपल्यात तेवढं टॅलेंट नाही' म्हणून रॅकेट माळ्यावर जाते. प्रत्यक्षात बऱ्याचदा टॅलेंट कमी पडलेलं नसतं, ३०-४० वर काय करायचं ते ठरलेलं नसतं. आणि ठरवायचा सराव कोर्टशिवायही होतो.

- भिंत. भिंतीवर ९१ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारा, हे मधलं नेट. त्याच्या हातभर वर दुसरी रेघ. चेंडू त्या दुसऱ्या रेघेच्या वर सलग ५० वेळा. चुकला की शून्यापासून.
- स्कोअर लावून सराव. नुसती सर्व्हिस मारू नका. 'आता ३०-४० आहे' म्हणून मारा. दोन्ही सर्व्हिस चुकल्या तर गेम गेला.
- टायब्रेक. अर्धा तासच मिळाला तर पूर्ण सेटऐवजी दोन-तीन टायब्रेक खेळा. महागड्या पॉइंटची सवय होते.
- वही. परतीच्या लोकलमध्ये पाच ओळी लिहा. समोरच्याला काय आवडलं, काय नाही आवडलं, माझे पॉइंट कशाने आले, कशाने गेले, दडपणात मी काय केलं. 'नशीब खराब' हे उत्तर चालणार नाही.
- श्वास. २५ सेकंदांचे चार टप्पे घरी आरशासमोर करा. मॅचमध्ये पहिल्यांदा करायला गेलात तर आठवणार नाहीत.

महाराष्ट्रातली मुलं कुठपर्यंत पोचलीत?

श्रीरामपूरमध्ये जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये झालेल्या त्या फायनलला दोघं पहिला सेट हरले होते. पुण्याचा मानस धामणे १५ व्या वर्षी २०२३ च्या टाटा ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर उतरला. अमेरिकेच्या मायकेल मोहकडून २-६, ४-६ हरला, पण त्या वयात एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत उभं राहणंच विरळ. पुण्याच्याच वैष्णवी आडकरने २०२५ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत महिला एकेरीचं ब्राँझ आणलं.

थोडक्यात सांगायचं तर…

- निम्मे पॉइंट हरणारच आहात. ते कोणते असावेत, हे थोडंफार तुमच्या हातात आहे.
- क्रॉसकोर्ट, नेटच्या वर, रेषेच्या आत. आधी चुका कमी, मग फटके मोठे.
- समोरच्याला जे आवडतं ते देऊ नका.
- दुसरी सर्व्हिस भरवशाची करा.
- पॉइंटनंतर पाठ फिरवा, श्वास घ्या, एकच गोष्ट ठरवा, मग खेळा.
- सेट गेला म्हणजे मॅच गेली असं नाही.

बालेवाडीच्या त्या फायनलला टायब्रेकचे पॉइंट १६-१६ होते. पुढच्या वेळी टीव्हीवर मॅच बघताना जोरदार फटके मोजण्याऐवजी १५-३० आणि ३०-४० वर कोण काय करतं, तेवढंच बघा. कोण जिंकणार याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच येतो.